युद्धाबद्दल विचारू नका, घराबद्दल विचारा: कोरियन आजीच्या आठवणी नोंदवताना

प्रश्न थोडक्यात असा: मराठी सून, कोरियन नवरा. सासूबाईंचा जन्म १९४० चा, आज उत्तर कोरियात असलेल्या हामहुंगजवळच्या खेड्यातला. कोरियन युद्ध चालू असताना, डिसेंबर १९५० मध्ये, हुंगनाम बंदरातून जहाजाने दक्षिणेत आल्या, आता सोकचोला राहतात. मुलं सात आणि बारा वर्षांची. हालमोनी, म्हणजे आजी, मध्येच एखादं वाक्य बोलते आणि गप्प होते. सुट्टीत तीन आठवडे तिथे राहायचं आहे. एवढ्यात काय नि कसं नोंदवायचं, मुलांना किती सांगायचं, आणि तिचं सांगणं पुस्तकातल्या इतिहासाशी जुळलं नाही तर काय करायचं?

तीन आठवडे पुरतात. सहा बैठका धरा, प्रत्येक फार तर सव्वा तासाची, मध्ये किमान दोन दिवसांची मोकळीक. ही मोकळीक आरामासाठी आहेच, पण तेवढंच तिचं कारण नाही. पहिल्या बैठकीनंतर रात्री अंथरुणात पडल्यावर बरंच काही वर येतं आणि ते दुसऱ्या बैठकीत मिळतं. रोज बसलात तर ते वर यायला जागाच राहत नाही. वेळ सकाळची, न्याहारीनंतर. संध्याकाळी बसू नका; त्या आठवणी घेऊन म्हाताऱ्या माणसाला रात्र काढावी लागते.

सर्वांत मोठी चूक पहिल्याच प्रश्नात होते. "ओमोनी (आई), युद्धात काय झालं?" असं विचारलं की उत्तर येतं ते शाळेच्या पुस्तकातलं. २५ जूनला हल्ला झाला, म्हणून त्या युद्धाला तिकडे 'युगिओ', म्हणजे सहा-दोन-पाच, म्हणतात. मग इन्छॉन बंदरात अमेरिकी सैन्याचं उतरणं, मग माघार. दहा वर्षांच्या मुलीने यातलं काही पाहिलेलं नसतं, तिने पाहिलेलं असतं घर. तेव्हा पहिली बैठक फक्त घरावर ठेवा. एक मोठा कागद आणि जाड शिसपेन्सिल द्या आणि घराचा आराखडा काढायला सांगा. हामग्योंग, म्हणजे हामहुंगच्या प्रांताकडच्या जुन्या घरांत 'जोंगजूगान' नावाची जागा असे: चुलीची बाजू आणि बसायची उबदार जमीन यांच्यामध्ये भिंतच नसे, कडाक्याच्या थंडीत चुलीची ऊब तिथेच मिळे. ती कुठे होती, गोठा कुठे, किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या भाजीचे, रांजण कुठे पुरलेले, रात्री कोण कुठे झोपायचं. हात कागदावर चालू झाला की तोंडही चालू होतं.

दुसरा प्रश्न: जेवायला किती वाट्या मांडल्या जायच्या, आणि कोण कोणत्या बाप्सांगवर बसायचं? बाप्सांग म्हणजे जेवणाचा बुटका पाट-टेबल. आजोबांचा वेगळा, बायकामुलांचा वेगळा, अशी बऱ्याच घरांत रीत होती. वाट्या मोजता मोजता सगळी माणसं येतात, मागे राहिलेलीसुद्धा. "मागे कोण राहिलं?" असं थेट कधी विचारू नका. आठ वाट्या सांगितल्या आणि जहाजावर पाचच माणसं चढली, तर तो फरक तुमच्या वहीत आपोआप उतरतो. बोलायचं असेल तेव्हा ती स्वतःच बोलेल. पुष्कळ घरांतून लोक "आठवड्या-दोन आठवड्यांत परतू" या समजुतीनेच निघाले होते, म्हणून म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं मागे ठेवली गेली. ते ओझं सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं आहे, एका प्रश्नाने ते उतरत नसतं.

आता प्रश्न विचारायचे कोणी? मुलगा, म्हणजे तुमचे यजमान, हा या कामाला सर्वांत वाईट माणूस. आईला तो रडताना नको असतो, म्हणून ती कापून सांगते. त्याला आईचा त्रास नको असतो, म्हणून तो भाषांतर करताना आणखी कापतो. तुमच्यापर्यंत गाळलेलं पाणी येतं. सून बरी, कारण तिला काहीच माहीत नाही असं गृहीत धरून सगळं सांगावं लागतं: "आमच्याकडे असं असायचं" हे वाक्य परक्यासमोरच निघतं. नातवंडं सर्वांत चांगली. तुमचं कोरियन अपुरं असेल तर प्रश्न आधी लिहून यजमानांकडून आदरार्थी बोलीत नीट करून घ्या, स्वतः वाचा आणि उत्तर समजलं नाही तरी मध्ये थांबवू नका. बैठक कोरियनमध्येच चालू द्या. भाषांतर नंतर, ध्वनिमुद्रणावरून.

बोलीकडे खास लक्ष हवं. हामग्योंगच्या बोलीत 'आबाई' म्हणजे आजोबा, वडील किंवा कोणीही वडीलधारा पुरुष. सोकचोच्या वाळूच्या पट्ट्यावर हामग्योंगच्या निर्वासितांनी वस्ती केली तिचं नाव 'आबाई माउल' पडलं ते यावरूनच. 'आमाय' म्हणजे आजी. सोलमध्ये वाढलेला माणूस किंवा फोनमधलं लेखन-अॅप इथे हमखास घसरतं, आणि "आबाई मागे राहिले" या वाक्यात मागे राहिलेला माणूस बाप की आजोबा, हेच उलटं होऊन बसतं. असा शब्द आला की तिथल्या तिथे हळूच विचारा: तुझ्या वडिलांचे वडील ना?

ध्वनिमुद्रणाची बाजू सोपी आहे, पण तिच्याकडे हटकून दुर्लक्ष होतं. फोन चालेल, कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक मात्र घ्या आणि हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा. रेशमी किंवा नायलॉनच्या कपड्यावर तो घासला की सगळी बैठक खरखरते. सेटिंग वेव्ह (WAV फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, तेव्हा फोन आधी रिकामा करा आणि विमान मोडवर टाका. किमचीचा वेगळा फ्रिज बहुतेक घरात असतो आणि त्याचा कॉम्प्रेसर घुमतो. बैठक दुसऱ्या खोलीत घ्या. सुरुवातीला तारीख, जागा, कोण कोण हजर आहे हे बोला. शेवटी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा आवाज तेवढा घ्या, पुढे ध्वनी साफ करताना तो लागतो. व्हिडिओ एकाच बैठकीचा पुरे, तोही हात दिसतील असा. कॅमेरा समोर असला की ती पिढी केस नीट करून सरळ बसते आणि भाषण देते.

उत्तर थांबलं की मनात दहा आकडे मोजा. बहुतेक लोक तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न टाकतात, आणि येऊ घातलेलं वाक्य बसून जातं. श्वास वर लागला, हात चोळायला लागली, किंवा वाक्य वर्तमानकाळात येऊ लागलं ("बर्फ पडतंय, मी दोरी धरलीय") तर नवे प्रश्न बंद करा. तिथेच यंत्र बंद करून उठूही नका. पाणी द्या, मग प्रश्न विचारत विचारत तिला सुरक्षित जागी आणा: उतरल्यावर पहिलं गरम काय खाल्लं? कोणी दिलं? बैठक नेहमी जेवणावर किंवा आजच्या दिवसावर संपवा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चौकशी करा, पण त्या विषयाची नाही, झोपेची.

तारखा जुळवणं ही वेगळीच कला आहे. "तेव्हा मी अकरा वर्षांची होते" यावर विसंबू नका. कोरियन मोजणीत जन्मतःच एक वर्ष धरत आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांचं वय एकाने वाढे. १९४० ची मुलगी जहाजावर अकराची होती आणि दक्षिणेत उतरून काही दिवस होतात न होतात तोच बाराची झाली. वाढदिवसही अनेकदा चांद्र पंचांगाचा. त्यापेक्षा जन्मवर्षाचा प्राणी विचारा. १९४० ड्रॅगनचं, १९५० वाघाचं. प्राणी सहसा चुकत नाही. उत्तरेतून आलेल्यांनी दक्षिणेत नव्याने नोंदणी केली, त्यात जन्मतारखा अंदाजाने पडल्या, कधी मुद्दाम बदललेल्याही. म्हणून सरकारी कागद म्हणजे अंतिम सत्य नव्हे. तरी तो काढाच: २००८ मध्ये 'होजोक' ही कुटुंबनोंद बंद झाली, तिची जुनी प्रत 'जेजोक-दुंगबोन' या नावाने यजमानांना मिळू शकते. तिच्यात मूळ गाव आणि भावंडांची नावं असण्याची शक्यता असते.

फोटोच्या मागे ४२८६ असा आकडा दिसला तर घाबरू नका, ते दानगुन शक आहे. त्यातून २३३३ वजा करा, १९५३ येतं. १९६१ अखेरपर्यंत सरकारी कागदांवर हाच शक होता. अंतर 'री'मध्ये सांगितलं तर दहा री म्हणजे सुमारे चार किलोमीटर. तांदूळ 'द्वे'मध्ये असेल तर एक द्वे सुमारे १.८ लिटर, दहा द्वे म्हणजे एक 'माल'. किमती आल्या तर हेही ध्यानात ठेवा की फेब्रुवारी १९५३ मध्ये शंभर वॉनचा एक ह्वान झाला आणि १९६२ मध्ये दहा ह्वानचा पुन्हा एक वॉन. "भाकरीला हजार" हे वाक्य वर्षाशिवाय निरर्थक आहे. वयस्कर माणसाच्या तोंडी जपानी अमलातली गावांची नावंही येतात: हामहुंगचं कान्को, बुसानचं फुझान, सोलचं केइजो. ज्या 'चोसिन' जलाशयाच्या लढाईबद्दल इंग्रजी पुस्तकं लिहितात त्याचं कोरियन नाव जांगजिन. अमेरिकी सैन्याकडे नकाशे जपानी होते, एवढंच त्यामागचं कारण.

तारखेऐवजी ऋतू विचारा. बॉम्ब पडले तेव्हा उकडत होतं की बर्फ होतं? हुंगनामच्या रासायनिक कारखान्यांवर अमेरिकी बी-२९ विमानांचे मोठे हल्ले १९५० च्या जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला झाले. बंदर उडवून दिलं ते २४ डिसेंबरला. मुलांच्या मनात या दोन्ही आगी एक होतात. त्या वर्षीचा छुसोक, म्हणजे पौर्णिमेचा सुगीचा सण, २६ सप्टेंबरला होता. सणाला गावात कोणाचे सैनिक होते, हा प्रश्न फार उपयोगी, कारण दक्षिणेचं सैन्य हामहुंगला ऑक्टोबरच्या मध्यावर पोचलं. हिवाळ्याची किमची घालून झाली होती का? गिमजांग, म्हणजे किमची घालण्याचा हा कार्यक्रम, नोव्हेंबरच्या सुमारास होतो, म्हणजे निघताना रांजण भरलेले होते की रिकामे हे कळतं. आणि विमानांचा आवाज: जेटला लोक 'स्सेकस्सेगी' म्हणत, त्याच्या सुसाट आवाजावरून. ही नक्कल तिच्या तोंडून टेप करून घ्या.

आता न जुळणाऱ्या आठवणी. हुंगनामहून आलेल्या घरात सहसा ऐकू येतं की आम्ही 'मेरिडिथ व्हिक्टरी'ने आलो. ते मालवाहू जहाज सुमारे १४,००० निर्वासित घेऊन २३ डिसेंबरला निघालं, बुसानने उतरू दिलं नाही, आणि नाताळच्या सुमारास कोजे बेटावर पोचलं; वाटेत पाच बाळं जन्मली. माजी राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांचे आईवडील त्यावरच होते. पण हुंगनाममधून एकूण जवळजवळ एक लाख नागरिक बाहेर पडले. सातातले सहा जण दुसऱ्याच कुठल्या तरी जहाजाने आले. २०१४ च्या एका गाजलेल्या सिनेमात हे बंदर दिसलं तेव्हापासून तर पडद्यावरची दृश्यं घरच्या आठवणीत मिसळून गेली आहेत. ही लबाडी नव्हे, स्मरणशक्ती असंच काम करते. खरं काय ते काढायला जहाजाचं नाव विचारू नका. चढलात कसे ते विचारा. जहाजाच्या उघड्या तोंडातून उतारावरून चालत आत गेलात, तर ती बहुधा एलएसटी नावाची रणगाडे उतरवणारी नौका. उंच बाजूवरून वर चढलात किंवा उचलून खाली अंधाऱ्या कोठारात सोडलं, तर मालवाहू जहाज. किती रात्री समुद्रात गेल्या? उतरलात तिथे घाट होता की होडीने न्यावं लागलं?

पिठाचंही तसंच. सुजेबी, म्हणजे रस्स्यात तोडून टाकलेल्या कणकेच्या चकत्या, ही 'युद्धातली' आठवण म्हणून सांगितली जाते. अमेरिकी मदतीचं पीठ मोठ्या प्रमाणावर यायला लागलं ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पोती तेव्हाची असण्याची शक्यता जास्त. भूक दोन्ही काळांत होती.

हे सगळं तपासायचं ते घरी आल्यावर, बैठकीत नाही. "पण ओमोनी, पुस्तकात तर..." हे वाक्य उच्चारलं की दार बंद. वहीत दोन रकाने करा: डावीकडे तिने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत, उजवीकडे तुम्हाला सापडलेलं. डावा रकाना कधीही दुरुस्त करायचा नाही. मुलांना पुढे दोन्ही द्यायचे.

रस्ता नकाशावर लावा. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाचे त्या काळातले एकास अडीच लाख प्रमाणाचे कोरियाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. हामहुंग ते हुंगनाम जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, नकाशावर पाच सेंटिमीटर. मग "तीन दिवस चाललो" हे खोटं का? नाही. रस्ते लष्कराने अडवलेले होते, लोक शेताडीतून, टेकड्यांवरून जात, आणि बंदरावर पोचून कितीतरी दिवस उघड्यावर थांबत. चालणं आणि थांबणं वेगळं करून विचारा. बारा वर्षांच्या मुलाला हे काम द्या: पट्टी, शिसपेन्सिल, आणि आजीकडून दर मुक्कामाला एक खूण.

नकाशावर एक गोष्ट त्याच्या लक्षात येईल. सोकचो आज दक्षिणेत आहे, पण १९५० आधी ते ३८ व्या अक्षांशाच्या उत्तरेला, म्हणजे उत्तर कोरियात होतं. युद्धात आघाडी वर सरकली तशी हामग्योंगची माणसं कोजे आणि बुसानहून वर येऊन तिथे बसली: रस्ता उघडला की घरी जायला सर्वांत जवळची जागा.

सात वर्षांच्या मुलीला वस्तू द्या, आणि जेवण. आजीबरोबर 'गाजामी सिक्खे' करायला बसवा. शिजवलेल्या बाजरीसारख्या बारीक धान्यात खारवून आंबवलेला चपटा मासा, हामग्योंगचीच खूण. घरात मासे चालत नसतील तर सुजेबी करा: अडीचशे ग्रॅम मैदा, सुमारे दीडशे मिली पाणी, चिमूट मीठ, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग उकळत्या रस्स्यात बोटांनी पातळ तोडून टाकायचं. जाड तोडलं तर मधे कच्चं राहतं. आजचा रस्सा सुक्या मासळीचा असतो. तिला विचारा, तेव्हा पाण्यात काय होतं? त्या एका प्रश्नाने जे निघतं ते मुलाखतीत निघत नाही. या वयात मुलांच्या प्रश्नाएवढंच उत्तर द्यायचं. "मेले का?" विचारलं तर "हो, बरीच माणसं मेली, आजी वाचली." प्रेतांचं वर्णन नको, आणि "कोणी मेलं नाही" असं खोटंही नको; ते दोन वर्षांत उघडं पडतं.

बाराव्या वर्षी 'कोणी मारलं' हा प्रश्न येणार. इथे एका बाजूची गोष्ट सांगून मोकळं होऊ नका. उत्तरेच्या सैन्याने माणसं मारली. दक्षिणेच्या सरकारनेही १९५० च्या उन्हाळ्यात 'बोदो' संघटनेत, म्हणजे डाव्या समजल्या गेलेल्यांसाठी सरकारनेच काढलेल्या संस्थेत, नाव नोंदवलेल्या आपल्याच नागरिकांना मारलं. नोगुन-री इथे जुलै १९५० मध्ये अमेरिकी सैन्याने निर्वासितांवर गोळ्या झाडल्या. घरच्या गप्पपणाचं एक कारण इथेच आहे. 'योनजवाजे' नावाची रीत होती: नातेवाईक उत्तरेकडे गेला किंवा डावा ठरला की सगळ्या घरावर पोलिसांची नजर, नोकरीत अडथळे. १९८० च्या राज्यघटनेने ती अधिकृतपणे बंद झाली, पण तोवर एक पिढी तोंड मिटून जगायला शिकली होती. आजीची पाच वर्षं उत्तरेच्या राजवटीत गेली, शाळाही तिथेच सुरू झाली. तिथली गाणी तिला पाठ असतील आणि ती म्हणायला ती आजही कचरेल. आग्रह करू नका. बायकांवरचे अत्याचार हा विषय मुलं पंधरा-सोळाची होईपर्यंत, आणि तोही तिने स्वतः उघडला असेल तरच.

मुलगा हेही विचारेल की भारत कुठल्या बाजूला होता. भारताने लढणारं सैन्य पाठवलं नाही. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी गेली. युद्धबंदीनंतर घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण भारतीय सैन्याने केली, त्याचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी या सैन्याला आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेलं गेलं. सासूबाईंनी भारतीय सैनिक पाहिला नसेल तर तो का, याचं उत्तर हे.

मागे राहिलेल्या माणसांच्या तिथीचा प्रश्न बहुतेक घरात येतो. मृत्यूचा दिवस माहीत नाही, मग जेसा, म्हणजे पितरांचं अन्नार्पण, कधी करायचं? काही घरं त्या माणसाच्या वाढदिवसाला करतात, काही चांद्र नवव्या महिन्याच्या नवमीला. मराठी आईच्या मुलांना हे समजवायला वेगळं काही लागत नाही: ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते, तसंच. तुमच्या घरात कोणता दिवस पाळतात आणि तो कोणी ठरवला, हे टेपवर घ्या.

नातेवाईक उत्तरेत जिवंत असण्याची शक्यता असेल तर विभक्त कुटुंबांची नोंदणी झाली आहे का विचारा. दक्षिण कोरियाचं एकीकरण मंत्रालय आणि कोरियन रेडक्रॉस ते काम पाहतात, डीएनए नमुनाही घेतात. शेवटच्या प्रत्यक्ष भेटी ऑगस्ट २०१८ मध्ये गुमगांग पर्वतावर झाल्या. नमुना तरीही द्यावा, कारण जुळवणी पुढच्या पिढीतही करता येते आणि तो तिच्या हयातीतच घेतलेला बरा. याच कारणाने तिथल्या भावंडांची पूर्ण नावं आणि गाव इंटरनेटवर टाकू नका. दक्षिणेत नातेवाईक आहेत हे उघड होणं तिथल्या माणसाला महागात पडू शकतं. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पातही नाही.

शेवटच्या बैठकीत तिच्याकडून तीन गोष्टी स्पष्ट बोलवून घ्या: हे कोणी ऐकायचं, कोणता भाग तिच्या पश्चात, कोणता कधीच नाही. "कधीच नाही" म्हणाली तर तो तुकडा तिच्यासमोर पुसा.

एका तासाच्या बोलण्याचं शब्दशः लेखन करायला सात-आठ तास लागतात, बोलीमुळे दहासुद्धा. म्हणून आधी दर पाच मिनिटांचा एका ओळीचा सारांश लिहून ठेवा. पूर्ण लेखन वर्षभर चालू दे. फायलीचं नाव तारीख, बैठक क्रमांक, भाषा असं. तीन प्रती: एक घरच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावात नणंदेकडे. घराचा आराखडा पुसट शिसपेन्सिलीचा असतो. त्याच दिवशी स्कॅन करा, मूळ कागद आम्लरहित पाकिटात सपाट ठेवा, घडी घालू नका. मागच्या बाजूला तिच्या हाताने गावाचं नाव लिहून घ्या, तिच्या उच्चाराप्रमाणे. नकाशावर ते गाव वेगळ्या नावाने असलं तरी.